टायरवर फोडलेलं खापर

गाडी बाईंची होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण टायरच्या दुकानात सर ज्या तोऱ्यात शिरले, त्यावरून कुणाचाही गैरसमज झाला असता. बाईंनी तीस वर्षं इस्पितळाच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून लोकांचं रक्त पाहिलं आणि निवृत्तीनंतर आयुष्यातली एकुलती एक चैन केली: दोनच सीटची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, पिवळी स्पोर्ट्स कार. जुनीच, पण आधीच्या मालकानं जिवापाड जपलेली. सरांनी सव्वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, त्यामुळे त्यांना अख्खा मोहल्ला सर म्हणतो. घरात बाईंसाठी मात्र ते नुसते ‘अहो’.

महिन्यापूर्वी ओल्या रस्त्यावर, एका साध्याशा वळणावर, बाई चालवत असताना गाडी वळणाच्या आतल्या बाजूच्या बुटक्या कठड्यावर चढली. कुणाला खरचटलंही नाही. चाकाच्या रिंगला तेवढा ओरखडा आला. पण बाई उतरल्या त्या पांढऱ्याफटक होऊन, आणि त्यांनी कानाला खडा लावला. सरांनी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला, “टायर बेकार आहेत गं. तुझी काही चूक नाही.”

बाईंची चूक नव्हतीच. टायरचीही नव्हती. सरांची एक कला होती, तिचा त्यांना मनातून फार अभिमान. शिकाऊ माणूस घाबरला, की बाजूच्या सीटवरून हात लांबवून स्टिअरिंगला खालून दोन बोटं लावायची आणि गाडी अलगद जागेवर आणायची. शिकणाऱ्याला पत्ता लागत नसे. आपणच सांभाळली असं वाटून तो खूश होई. त्या दिवशी समोरून टेम्पो आला. बाईंनी त्याला नीट पाहिलं होतं, जागाही भरपूर होती. पण सरांच्या बोटांना ते कोण सांगणार? बोटं गेली, आणि या गाडीचं स्टिअरिंग होतं भलतंच हलकं. स्कूलच्या गाडीला जेवढा झटका पुरायचा, तेवढ्यात ही थेट कठड्यावर.

हे कबूल करायला दोन वाक्यं पुरली असती. सरांनी त्याऐवजी तीन आठवडे टायरचा अभ्यास केला. मऊ रबराचा टायर रस्ता घट्ट धरतो, पण लवकर झिजतो. कडक रबराचा वर्षानुवर्षं टिकतो, पण ऐन वेळी दगा देतो. नामांकित कंपन्यांचे सगळ्यात वरचे, महागडे टायर घ्यायचे, तर गाडीपेक्षा टायरच जपून ठेवावे लागले असते. अगदी स्वस्तातले कोरड्यात वाघ आणि पाण्यात शेळी. शेवटी सरांनी मधली वाट काढली: चांगल्या कंपनीचं, पण मागच्या पिढीचं डिझाइन. नवीन आल्यामुळे जुनं उतरलेल्या भावात मिळत होतं, आणि ओल्यातली पकड जवळजवळ तेवढीच. निवड चोख होती. तिची गरज नव्हती, एवढंच.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बसवा. चांगल्या टायरवर गाडी चांगली विकली जाईल.”

“विकली?”

“रविवारी एक जण बघायला येतोय. माझ्या हातून नाही व्हायचं आता हे.”

सरांनी मनाची समजूत घातली, की नवे टायर पाहून तिचा जीव भांड्यात पडेल आणि विक्रीचं खूळ डोक्यातून जाईल.

टायरवाला सरांचाच जुना विद्यार्थी निघाला. आता टक्कल पडलेला, पोट सुटलेला, कोपरापर्यंत काळा. “या सर, या काकू!” म्हणत त्यानं स्टूल पुसून पुढे केलं. सरांनी मापं सांगितली, मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद लागतात हे त्याला माहीत असलेलं त्यालाच समजावलं, आणि हव्या त्या टायरचं नाव ठणकावून सांगितलं.

त्यानं गाडी जॅकवर घेतली. टायरच्या खाचेत माप घालून पाहिलं, अंगठ्यानं रबर दाबलं, कडेवरचे, टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे वाचले. मग उठून उभा राहिला.

“सर, हे कशाला काढायचे? टायर दोन वर्षांचे आहेत. रबर मऊ आहे, खाचा खोल आहेत. अजून दोन वर्षं आरामात जातील.”

“अरे, ओल्यात धरत नाहीत. हिला अनुभव आलाय.”

“तुम्ही म्हणाल तर बसवतो. माझं काय जातंय, धंदाच आहे.” तो बाईंकडे वळला. “पण काकू, झालं काय होतं नेमकं?”

बाईंनी रिपोर्ट वाचून दाखवावा तसं सांगितलं. वेग किती, टेम्पो कुठे, कठडा कुठे. शेवटी म्हणाल्या, “आणि गाडी सरळ आतल्या बाजूला गेली.”

“मागून फिरली का? शेपूट भिरकावल्यासारखी?”

“नाही. नाक आत गेलं, मागचं त्याच्या मागोमाग.”

टायरवाल्यानं डोकं खाजवलं. “पुढचे टायर घसरले तर गाडी वळणाच्या बाहेर जाते, काकू. मागचे घसरले तर गरकन फिरते. तुमची तर नीट वळून आत गेली. म्हणजे टायरनं रस्ता धरला होता. स्टिअरिंगच वळलं.”

“म्हणजे मीच वळवलं.”

“होतं असं घाबरल्यावर. त्यात काय एवढं?”

बाईंनी मान हलवली. “मला वाटलंच होतं.” मग त्या सरांकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “तुम्ही उगाच माझ्यासाठी टायरचं निमित्त केलंत ना? तीन आठवडे डोळे फोडून वाचत बसलात. राहू द्या आता. आहे तशीच विकू.”

इथे गप्प बसलं असतं, तर सरांचं सगळं सुरळीत होतं. बायकोच्या मनात मोठेपणा, खिशाला चाट नाही, आणि खापर कायमचं दुसऱ्याच्या माथी. बाईंनी शिव्या घातल्या असत्या, तर ते कदाचित गप्प बसलेही असते. ती माया मात्र त्यांना सोसेना.

“तू नाही वळवलंस,” ते म्हणाले. “मी ओढलं.”

“काय ओढलं?”

“स्टिअरिंग. खालून. दोन बोटांनी. सवयच आहे ती, सगळ्यांना तसंच शिकवलं.”

टायरवाल्याच्या हातातलं माप खाली पडलं. “सर, म्हणजे पहिल्याच दिवशी मी मोठा चौक पार केला होता, तो...”

“तू गप्प बस रे.”

बाईंनी सरांच्या हाताकडे पाहिलं. आरडाओरडा नाही, रडणं नाही. इतकी वर्षं काचेखाली जे दिसलं ते कागदावर लिहायची सवय, त्यांनी तसंच एकेक विचारलं.

“मला शिकवतानाही?”

“हो.”

“किती वेळा?”

“मोजलं नाही.”

“लायसन्सच्या परीक्षेला?”

“तिथे मी नव्हतो. बाजूला परीक्षक होता. तिथे तू एकटीच चालवलीस.”

बाई उठल्या. “गाडी खाली घे,” त्या टायरवाल्याला म्हणाल्या. गाडी जॅकवरून उतरली. त्यांनी सरांपुढे हात केला. सरांनी किल्ली दिली आणि लगबगीनं पलीकडच्या दाराशी जाऊन उभे राहिले. दार आतून बंद होतं. काच बोटभर खाली आली.

“तुम्ही बसने या.”

दुकानातून गाडी मागे घ्यायची म्हणजे एका बाजूला टायरची चळत, दुसऱ्या बाजूला कॉम्प्रेसर, आणि मागे वाहता रस्ता. सर “डावीकडे, डावीकडे” म्हणायला तोंड उघडत होते, तोच टायरवाल्यानं त्यांचा दंड धरला. बाईंनी एकदा मान वळवून मागे पाहिलं, एकाच दमात गाडी बाहेर काढली आणि निघून गेल्या.

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आणि महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांना नीट श्वास घेता येत होता.

“चला सर, मी सोडतो घरी,” टायरवाला म्हणाला.

“नको,” सर म्हणाले. “बसने या म्हणालीये ती.”