काश्यप गोत्राचा वादिराज

जयतीर्थसर गणिताचे मास्तर. गुलबर्ग्यात अठ्ठावीस वर्षं त्यांनी पोरांच्या चुकांना लाल शाईचे गोल घातले आणि निवृत्त झाल्यावर आपल्या समाजाचं ‘कुलपरिचय’ नावाचं पुस्तक काढलं. अफजलपूर, आळंद, बसवकल्याण, राजेश्वर, जिथं जिथं आपली घरं होती तिथं ते बसनं गेले आणि फॉर्म भरून घेतले. चारशे बारा घरं. गोत्र, नक्षत्र, मूळ गाव, आजोळ, मुलं कुठं शिकली, कुठं नोकरीला आहेत, सगळं फोटोसकट. बेंगळुरूला कॉम्प्युटरच्या कंपनीत असलेल्या मुलाच्या, प्रणेशच्या, मागं लागून त्यांनी ते पुस्तक इंटरनेटवरही चढवलं. घरबसल्या कुणालाही बघता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि खरंच, कुणीही बघत होतं.

मुलगी वैष्णवी एकोणतीस वर्षांची. मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, पगार बरा होता, पण घरात तिच्या लग्नाचा विषय निघाला की इंदुताई स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवायच्या. दोन हजार दहा सालच्या सुरुवातीला लग्न जमवणाऱ्या एका साइटवरून स्थळ आलं. वादिराज अफजलपूरकर, इंजिनिअर, मुक्काम इंग्लंड. फोटोत मुलगा देखणा, कपाळावर गोपीचंदन.

सर असे सहजासहजी हुरळणारे नव्हेत. त्यांनी वैष्णवीकडून मेल लिहून घेतली आणि मुलाची तोंडी परीक्षा घ्यावी तसे प्रश्न पाठवले. गोत्र? काश्यप. नक्षत्र? मूळ गाव? आजोळ कुणाचं? दुसऱ्या दिवशी एकूण एक उत्तर आलं. सरांनी पुस्तक उघडून पडताळलं, एकही चुकलं नव्हतं; पुस्तक निघालं तेव्हा मुलगा अजून शिकत होता, फोटोही तोच. परदेशात राहून स्वतःचं नक्षत्र ठाऊक असलेला मुलगा त्यांनी त्याआधी पाहिला नव्हता. त्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन पेढे आणले.

पुढचे सहा महिने वैष्णवी रोज कॉलेजातून आली की कॉम्प्युटरपुढं बसून मेलवर आलेली त्याची पत्रं वाचायची. ती बदलली होती. पदार्थ शिकायला लागली, आईशी भांडेनाशी झाली. मुलगा फोनवर बोलायचा. कॅमेऱ्यावर मात्र कधी आला नाही, कारण त्याचा कॅमेरा बिघडलेला होता. ऑगस्टात त्यानं एका साइटचा पत्ता पाठवला. व्हिसाचा अर्ज तिथं भरायचा, पासपोर्ट आणि प्रमाणपत्रं जोडायची, फी सोमवारपर्यंत भरायची. आणि नोकरीचा राजीनामा दिल्याचं पत्रही हवं, नाहीतर बाई नोकरीसाठी येतेय असा साहेबांना संशय येतो म्हणे. वैष्णवीनं राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला.

रविवारी सकाळी प्रणेशचा फोन आला. त्यानं ती साइट बघितली होती.

“अप्पा, हे सगळं बनावट दिसायलंय. वर राजमुद्रा आहे, ती कुठूनबी उचलून चिकटवता येती. सरकारी साइटचा पत्ता असा नसतो. खाली ऑफिसचा नंबर म्हणून मोबाइल दिलाय, अन् फी भरायचं सोडून दुसरं एक बटण चालेना. समोरच्यानं पाठवलेल्या पत्त्यावर जायचंच न्हाई, आपण आपलं शोधून जायचं.”

“इंग्लंडचं सरकार कसा पत्ता ठेवतं ते तुला ठाऊक?”

“आणि सहा महिने कॅमेरा दुरुस्त होईना कामून? इंजिनिअर आहे म्हणायलाय न्हवं?”

“प्रणेश,” सर म्हणाले, “राजमुद्रा खोटी असंल. गोत्र खोटं कसं असंल?”

सरांनी फोन ठेवला आणि विजयी मुद्रेनं बायकोकडं बघितलं. इंदुताई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “अफजलपूरकरांच्या घरच्या बाईंचं पत्र आलं होतं की. पुस्तक निघालं त्याच साली. आमचं गोत्र चुकीचं छापलंय म्हणून.”

“पुन्हा तेच? स्थळ आलं तवाबी तू हेच म्हणालीस. फॉर्म माझ्यापाशी आहे.”

“मग बघा की. उद्या पोर राजीनामा द्यायलीय.”

अशी पत्रं त्या साली पाच-सहा आली होती. सरांनी सगळ्यांना एकच मजकूर पाठवला होता : आपण फॉर्मवर दिल्याप्रमाणे छापले आहे. फॉर्म उघडून एकदाही बघितला नव्हता. गणिताच्या मास्तरला उत्तर पुन्हा तपासायची काय गरज? पण बायकोचं तोंड कायमचं बंद करावं म्हणून ते पलंगाखालची पेटी ओढून बसले. शेंगांची फोलपटं टोपलीत पडत होती.

अफजलपूरकरांचा फॉर्म निघाला. निळ्या शाईत, वळणदार अक्षरात गोत्र लिहिलं होतं : कौशिक. त्याच्या वरच्या फॉर्मवर काश्यप होतं. उतरवताना सरांची नजर एक कागद वर सरकली होती, बस्स.

सरांचं स्वतःचं गोत्र कौशिक. म्हणजे खऱ्या अफजलपूरकरांनी या घरात मुलगी मागितलीच नसती, सगोत्रात कोण मागतं? स्वतःच्या गोत्रात जन्मलेला मुलगा ते विसरत नाही आणि बदलतही नाही. पुस्तक वाचून उत्तरं देणाऱ्यालाच ते काश्यप वाटणार. सरांना आत्ता आठवलं, त्याची उत्तरं पुस्तकातल्या रकान्यांच्याच क्रमानं आली होती. परीक्षा सरांनी घेतली होती आणि पोरानं सरांचीच वही बघून पेपर लिहिला होता. त्यांना शरम वाटली, आणि त्याहून जास्त भीती. त्यांनी वैष्णवीला बोलावलं आणि दोन्ही फॉर्म तिच्या हातात दिले. ती उभ्या उभ्या वाचत राहिली.

फॉर्मवरचा नंबर त्यांनी फिरवला. अफजलपूरच्या बाईंनी सरांचा आवाज लगेच ओळखला.

“आमचा वादिराज? तो हुबळीला बँकेत आहे. लग्न होऊन दीड वर्ष झालं, पोरगं रांगायलंय.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “सर, असा फोन करणारे तुम्ही तिसरे. आधी बीदरचे एक आले, मग आळंदचे. दोघांनी पैसे भरले होते. बीदरच्या पोरीनं शाळेतली नोकरीबी सोडली.”

“मला कामून कुणी सांगितलं न्हाई?”

“मी म्हटलं त्यांना, सरांना कळवा. तर म्हणाले, सरांच्या पुस्तकात बघूनच आम्ही हो म्हटलं, आता त्यांना कसं सांगायचं? म्हातारपणी मनाला लावून घेतील.”

सरांनी लाल शाईनं कौशिक लिहून घेतलं आणि त्याच कागदावर बीदरचा नंबर. प्रणेशला फोन करून पुस्तक इंटरनेटवरून उतरवायला सांगितलं. का, ते त्यानं विचारलं नाही. मग बीदरला फोन लावला. त्या मुलीनंच उचलला. सरांनी मनाशी जुळवलेलं सगळं सांगून टाकलं : चूक माझी आहे, पुस्तक माझं आहे, तुमच्या हेडमास्तरांना मी येऊन भेटतो.

“तुम्ही कशाला येता, सर,” ती हळू आवाजात म्हणाली. “नोकरीचं बघीन मी. पण तो माणूस कोण होता ते कळलं का?”

“न्हाई, बाळ.”

फॉर्म वाचून झाल्यापासून वैष्णवी भिंतीला टेकून बसली होती. तिनं पुढं होऊन वडिलांच्या हातातून फोन घेतला. सरांना वाटलं, ती आता त्या मुलीची समजूत घालेल. ती शिक्षिका होती, तिला ते जमायचं. निदान पत्रं तरी आपल्यालाच लिहिली होती एवढी आशा तिला अजून असेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

“अक्का, मी वैष्णवी,” ती म्हणाली. “तो तुम्हाला काय लिहायचा?”

फोन जुना होता, पलीकडचं बोलणं खोलीभर ऐकू यायचं.

“काय काय लिहायचा,” ती मुलगी म्हणाली. “एकदा लिहिलं होतं, आज इथे बर्फ पडला, मी एकट्यापुरता भात लावला...”

“आणि झाला दोघांचा,” वैष्णवी म्हणाली.