एस म्हणजे सीनियर

दोन महिने झाले, आमचे हे रविवारी गोल्फहून आले की बूट न काढताच दिवाणवर पडून राहतात. ‘चेंडू नाल्यातच गेला वं विमल. आता हात संपला माहा.’ दर रविवारी हेच. ऐकून ऐकून मीच पडाले आली.

वणीकडच्या कोळसा खाणीत हे तीस वर्षं सर्वेअर. साहेब लोकायसोबत कॉलनीच्या मैदानावर खेळाले शिकले. रिटायर झाले, खांद्याचं ऑपरेशन झालं, हात सावकाश फिरू लागला. म्हणून दिवाळीत मीच ह्यायले लांब मारायची नवी काठी आणून देली. तिले वूड म्हणतात, पण लाकडाचा तुकडा नाही तिच्यात. दांडीवर एस लिहेल होतं. एस म्हणजे सीनियर, बरोबर म्हाताऱ्या लोकायची, असं मले वाटलं. ह्यायलेही तेच वाटलं.

परवा हे म्हणाले, ‘येत्या रविवारी नाला पार नाही झाला तं काठ्या देऊन टाकतो कोणाले.’  आधीच ह्यायनं पेपर सोडला, फिरणं सोडलं. खेळही सुटला तं ह्या माणसाले दिवाणवरून उठवाले मी कुठून ताकद आणू?

काठी घेऊन शब्बीरभाईकडे गेली. ते सायकली दुरुस्त करतात, ह्या काठ्यायचे दांडेही बदलून देतात. त्यायनं दांडा वाकवून पाहिला. ‘भाभी, एस म्हणजे स्टिफ. कडक. ही जवान हाताची आहे. साहेबायले हलकी, लवचिक दांडी पाहिजे, डोकं मोठं, तोंड वर उचलेल, म्हणजे चेंडू उंच उठते. चेंडू जरा बाजूले लागला तरी अशी काठी माफ करते.’

तशी एक जुनी त्यायच्यापाशी होती, सात नंबरची वूड. दांडीवर एल. ‘एल म्हणजे लेडीज,’ ते हळूच म्हणाले. ‘खरडून टाकू का?’

एकदा अक्षरानं फसवलंच होतं, आता ह्यायच्यापासून लपवाचं काही नाही. ‘राहू द्या,’ मी म्हटलं.

घरी ह्यायनं एल पाहिला आन् तोंड फिरवलं. ‘बायकायची काठी मारू मी?’

‘मारा. हात चांगलाच आहे तुमचा. चूक माही होती, दोन महिने कडक काठी देली तुमच्या हातात. आता मी थकली जी.’ मले रडूच आलं. ह्यायनं काठी उचलून बाकीच्या काठ्यायसोबत ठेवली.

रविवारी पह्यल्यांदा मी सोबत गेली. चेंडू उंच उठला आन् नाल्याच्या पलीकडे गवतात पडला. मागून एक साहेब म्हणाला, ‘काय रामराव, नवी काठी?’

ह्यायनं दांडी त्याच्यापुढे धरली, एल वर करून. ‘आमच्या विमलची आहे,’ म्हणाले. ‘मले खेळू देते.’