सहभागी क्रमांक चार

रविवारी सकाळी मानसशास्त्राचे मास्तर एका विद्यार्थिनीचा शोधनिबंध तपासत बसले होते. विषय होता, माहेरी परतलेल्या विधवांचे एकटेपण. दुपारी लेकीच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे येणार होते, म्हणून घाई होती.

जमेच्या बाजूंत त्यांनी लिहिले: भाषा स्वच्छ, मुलाखती धीराने घेतल्या आहेत. उणिवांत हात सैल सुटला: बायका पाचच. निष्कर्ष भावनेच्या भरात. घरच्यांची बाजू विचारलेलीच नाही.

मग पान उलटले. सहभागी क्रमांक चार सांगत होती, "पाहुणे आले की मी मागच्या खोलीत जाते. भाऊ कॉलेजात माणसाचं मन शिकवतो. अकरा वर्षांत त्याने मला, तू कशी आहेस, असं एकदाही विचारलं नाही."

खाली तळटीप होती: घरच्यांशी बोलायला तीनदा गेले. त्यांचा वेळ मिळाला नाही.

मास्तरांचे कान तापले. ते स्वयंपाकघरात गेले. थोरली बहीण कपबश्या पुसत होती.

"ताई, माझी विद्यार्थिनी तुझ्याशी बोलली?"

"तू काम आहे म्हणून आत बसायचास. पोरगी बिचारी ताटकळायची. मी पाणी दिलं, तिने विचारपूस केली." ताईने बशी उजेडात धरली. "तिचे मार्क कापू नकोस हं. मी खोटं काही सांगितलेलं नाही."

"मला सांगायचंस ना."

"तुला भेटायला विद्यार्थी व्हावं लागतं. आणि तेही दारातच बसतात."

तेवढ्यात मास्तरांची बायको आत डोकावली. "वन्सं, पाहुणे निघालेत. तुम्ही मागे बसा आता."

"ती बाहेर बसेल," मास्तर म्हणाले.

"अहो, आज नको. शुभकार्यात लोक नावं ठेवतात."

"ठेवू देत."

"निबंध वाचून सुचलं होय?" ताईने विचारले.

"हो," ते खाली मान घालून म्हणाले.

टेबलाशी येऊन त्यांनी उणिवांतली शेवटची ओळ खोडली आणि लिहिले: परीक्षक याच घरचा आहे. निबंध दुसऱ्याने तपासावा.

पाहुणे आले. ताई भाचीशेजारी अंग चोरून बसली. मास्तरांनी तिची ओळख करून दिली. होणारे व्याही म्हणाले, "थोरल्या बहीण का? चार महिने आपलं बोलणं चाललंय, कधी उल्लेख नाही केलात. परगावी असतात वाटतं?"

नुसती मान डोलावली असती तरी भागले असते. बायकोची तीच अपेक्षा होती. ताई जमिनीकडे पाहत होती.

"नाही," मास्तर म्हणाले. "अकरा वर्षं याच घरात आहे. मीच कधी सांगितलं नाही."