दादाचा पुढचा दात

दादाचा पुढचा दात हलतोय हे मला कळलं ते त्याच्या हसण्यावरून. गेले काही दिवस तो हसेनासाच झाला होता.

ट्रम्पेट वाजवणाऱ्याचं सगळं भांडवल म्हणजे ओठ आणि त्यामागचे दात. ते गेले की ट्रम्पेट घासूनपुसून कपाटात ठेवायचा. दादा माझा सख्खा भाऊ. तो ट्रम्पेट वाजवतो, मी ट्रॉम्बोन. लग्नाआधीपासून मी स्टेजवर त्याच्या डाव्या हाताला उभी आहे. माझा नवरा म्हणतो, संसारात उभी राहिली नसेल तेवढी तिथे उभी राहिली.

आमचा रॉक बँड सुरू झाला टायरच्या दुकानामागच्या गोदामात. ‘गिटारवाले पैशाला पासरी मिळतात, फुंकणारे कोणाकडे आहेत?’ असं म्हणत मास्तरने आम्हा दोघांना घेतलं. मास्तर म्हणजे आमचा कीबोर्डवाला आणि बँडचा मालक. दुसरी रेकॉर्ड चालली ती एका गाण्यामुळे. त्याच्या शेवटी दादा एक उंच सूर असा धरतो, की ऐकणाऱ्याचाच श्वास अडकतो. खाली माझा सूर असतो, पण तो कोणाला आठवत नाही. त्या गाण्यावर आम्ही म्हातारे झालो. गायक आले नि गेले. एकाला देव भेटला, एकाला दुसरा बँड भेटला. मधे सगळं मोडलंही. मग कोणीतरी ते गाणं मोटारीच्या जाहिरातीत लावलं आणि भांडलेली तोंडं पुन्हा गोड झाली.

आज हॉलवर आल्या आल्या मी त्याला शोधत गेले. मेकअपच्या खोलीत दादा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

“दादा, तोंड उघड.”

“मी काय घोडा आहे?”

“दादा!”

त्याने ओठ वर केला. जीभ लागली तरी दात डुलत होता. हिरडी काळीनिळी पडली होती.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“फुंकू नका म्हणाले. तुझ्या वहिनीला बोलू नकोस.”

“मी मास्तरला सांगते. आज ते गाणं नको.”

त्याने माझं मनगट घट्ट धरलं. “अगं, वेडी आहेस का? आपण बंद पडलो असं त्याला कळलं की दोघांनाही नारळ देईल. मला घरी बसून भिंती बघायच्या नाहीत.”

दादाचा आवाज कापताना मी पहिल्यांदा ऐकला. मग मी मास्तरकडे गेले नाही.

हल्ली आम्ही कानात इअरफोनची बोंडं घालून वाजवतो. स्वतःचं वाजवणंही ऐकू येतं ते त्यातूनच. प्रत्येक गाण्यानंतर दादा रुमाल तोंडाला लावायचा आणि मी आधी रुमालाकडे बघायची. तिसऱ्या गाण्यानंतर त्यावर लाल ठिपका दिसला.

शेवटी ते गाणं आलं. दादाने ट्रम्पेट उचलला. मी माझा सूर धरला आणि डोळे मिटले.

आणि दादाचा सूर आला! भरलेला, सरळ, तरुणपणी लागायचा तसा. माझा जीव भांड्यात पडला. मी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं.

ट्रम्पेट त्याच्या ओठांपासून बोटभर लांब होता. ऐनवेळी त्याचा धीर सुटला होता. तो वाजवतच नव्हता, आणि सूर चालू होता. दादा पांढराफटक पडून समोर बघत होता. तिथे मास्तरची करंगळी कीबोर्डच्या एका पट्टीवर दाबलेली होती. उन्हाळ्यात त्याने आम्हा दोघांकडून एकेक सूर सुटा वाजवून घेतला होता, टेप करायला. ‘कीबोर्डमध्ये जपून ठेवू,’ म्हणाला होता.

आम्हा दोघांकडून.

मला भीती वाटली, दाताची वाटली होती त्याहून मोठी. मी हळूच ट्रॉम्बोन तोंडापासून काढला. कानात माझा सूर तसाच चालू होता. कधीपासून, कोण जाणे.

लोक उभे राहून ओरडत होते. मास्तरने आमच्याकडे मान वळवली. दादाने घाईघाईने ट्रम्पेट ओठांशी नेला. मीही नेला, आणि जोरात फुंकत असल्यासारखे गाल फुगवले.