जाणकाराचं नाक

मित्रमंडळी त्याला जाणकार म्हणत, आणि त्यानेही कुणाचा तो गैरसमज कधी दूर केला नाही. पोटापाण्यासाठी तो चष्मे विकायचा. दिवसभर लोकांकडून तक्त्यावरची अक्षरं वाचून घ्यायची आणि दुकान बंद केलं की जगभरच्या वाइन आणि व्हिस्कीबद्दल वाचत बसायचं, असा त्याचा क्रम. कुठल्या डोंगराच्या कुठल्या उतारावर द्राक्षं उशिरा पिकतात हे त्याला तोंडपाठ होतं. घरचं वीजबिल कधी भरायचं हे मात्र बायकोला विचारावं लागे.

तीन वर्षांपूर्वी एका साध्या सर्दीत त्याचं नाक गेलं. म्हणजे नाक जागेवर होतं, चांगलं ठळक होतं, चष्मा पेलायला उपयोगी पडत होतं. वास तेवढा येईना. सर्दी गेली, वास काही परत आला नाही. डॉक्टरांनी वाट बघायला सांगितली. त्याने ती बघितली, पण मूग गिळून. महिन्याच्या बैठकीत बाटली उघडली की सगळे आधी त्याच्या तोंडाकडे बघत, आणि त्या बघण्यावर पाणी सोडायची त्याची तयारी नव्हती.

मग बायको कामी आली. ती शाळेत गणित शिकवायची, पिण्याच्या भानगडीत पडत नसे, पण तिचं नाक भलतंच तीक्ष्ण. शेजारी बसून ती त्याच्या ग्लासात डोकवायची आणि हळूच पुटपुटायची की भिजलेल्या बुटांचा वास येतोय. जाणकार डोळे मिटून जाहीर करायचा, "दमट, जुनं जंगल. आणि मागे थोडं चामडं." मंडळी माना डोलवत. गंमत अशी की नाक शाबूत असताना त्याला एवढा मान कधी मिळाला नव्हता. घरी परतताना बायको म्हणे की एक दिवस तुमचं पितळ उघडं पडणार, तो म्हणे तेव्हाचं तेव्हा बघू. आपण थापाडे आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुकानात तसले लोक नेहमी येत, आधीच्या गिऱ्हाइकाचं ऐकून अक्षरं पाठ करून बसलेले. त्यांना तो चटकन ओळखायचा आणि वर चार शब्द सुनवायचा.

तेव्हाचं तेव्हा बघण्याची पाळी आली ती साडूच्या घरी. साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, नुकताच छापखान्यातून निवृत्त झाला होता. हातात आयुष्यभराची पुंजी आली होती आणि ती सगळी व्हिस्कीच्या एका पिंपात घालायचं त्याने मनावर घेतलं होतं. व्हिस्की पिंपात मुरत राहते, भाव चढत जातो, पुढे विकली की म्हातारपण सुखात. हे ज्ञान त्याला दिलं होतं आपल्या जाणकारानेच, जेवणानंतरच्या एका रंगलेल्या भाषणात. रविवारी दुपारी दलाल त्याच पिंपातली व्हिस्की छोट्या बाटलीतून घेऊन येणार होता, सह्यांच्या कागदांसकट. नेमकी बायको पेपर तपासायला अडकली. जाणकाराला एकट्यानेच जावं लागलं.

ग्लास पुढे आला. त्याने तो फिरवला, उजेडाकडे धरला, नाक आत खुपसलं. साधं पाणी हुंगलं असतं तरी त्याला एवढंच कळलं असतं. वाक्यं मात्र जिभेवर तयार होती: मध, धूर, समुद्रावरचा वारा. त्यातलं काहीही खपलं असतं. साडू पेनाचं टोपण काढून बसला होता. थोरली मेहुणी दाराशी उभी होती. पिंपातलं आपल्याला काही कळत नाही, तुम्ही म्हणाल ते खरं, एवढंच ती म्हणाली.

आजवरच्या थापांनी फार तर कुणाची एखादी संध्याकाळ वाया गेली असेल. ही थाप या दोघांना जन्मभर पुरली असती.

"माझं नाक गेलंय," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली. मला कसलाच वास येत नाही."

मोठ्या माणसांचा विनय समजून दलाल हसला. साडू हसला नाही. मग जाणकाराने सगळंच सांगून टाकलं: सर्दी, बायको, बूट, जंगल. साडूने टोपण पेनाला लावलं. आता हा चार शिव्या घालणार, या तयारीने जाणकार बसला होता, पण साडूने भलतंच विचारलं.

"मग मी निवृत्त झालो त्या दिवशी? ती लाल वाइन उघडली तेव्हा तर तुमची बायको नव्हती."

त्या दिवशी जाणकाराने घोटही न घेता मनाचंच ठोकून दिलं होतं: पिकलेली जांभळं आणि जुनी लाकडी पेटी. साडूला ते वाक्य इतकं आवडलं की त्याने ते भेटेल त्याला ऐकवलं आणि त्याच वाइनचं अख्खं खोकं आणून ठेवलं.

"मला ती आंबलेली वाटली होती," साडू म्हणाला. "नुसतं व्हिनेगर. म्हटलं, आपल्यालाच अक्कल नाही. जन्म शाईत गेला, आपल्याला काय कळणार?"

जाणकाराला फार लाज वाटली. त्याने ग्लास साडूपुढे सरकवला आणि तुम्हीच सांगा म्हणाला. साडूने सवयीने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग स्वतःचं नाक ग्लासात घातलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"जळलेलं रबर," तो म्हणाला. पुन्हा हुंगलं. "हो. रबरच."

दलालाने समजूत घातली की मुरता मुरता तो वास जातो, शिवाय त्याचेही शौकीन असतात. साडू म्हणाला, मग त्यांनाच विका. कागद बॅगेत गेले आणि दलाल आल्या वाटेने गेला.

जाणकारही उठायला लागला. साडूने त्याला बसवलं, आत जाऊन खोक्यातली एक बाटली आणली, बूच काढलं आणि मोठा ग्लास काठोकाठ भरून त्याच्यापुढे ठेवला.

"घ्या," तो म्हणाला. "तुम्हाला काय, वास तर येत नाही."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. जाणकाराने एक मोठा घोट घेतला. नाक गेलं होतं, जीभ शाबूत होती. डोळ्यांत पाणी आलं, कान तापले, दात शिवशिवले. साडू हाताची घडी घालून अभिप्रायाची वाट बघत होता.

"आंबट आहे," जाणकार म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो स्वतःला कळलेलं काही बोलला होता.

"पटलं," साडू म्हणाला. "आता संपवा."