शोधलेलं नाव

पिंकीची बदली थेट लांबच्या गौतमपुऱ्याला. कारण काय, तर 'कामाची गरज'! संबोधीने ऑर्डर वाचली आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. राऊ गावातल्या याच ऑफिसात तिनेच पिंकीला समजावलं होतं, "बिनधास्त लिही. कॉम्प्युटरवरच्या तक्रारपेटीला कुलूप आहे, चावी फक्त महिला तक्रार समितीच्या अरुंधतीजींकडे."

तक्रार मनीषविरुद्ध होती. सर्व्हर सांभाळणारा साहेब. हात मात्र सांभाळायचा नाही.

संबोधी थेट त्याच्या टेबलाशी; आजूबाजूला चौघं पोहे खात बसलेले. "मनीषजी, पिंकीचं पत्र वाचलंत?"

"अरे यार, वाचणार कसं? सर्व्हरला काही कळतच नाही, पेटी विकणाऱ्या कंपनीनेच लिहून दिलंय." पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरत तो हसला. "पण तुमच्या अरुंधतीजी रोज सकाळी पेटीत पिंकीचंच नाव का शोधतात हो?"

संबोधी तशीच मागे फिरली आणि अरुंधतीजींच्या केबिनमध्ये घुसली.

"पिंकीचं नाव शोधता?"

"हो गं. चहा घेता घेता बघते, बिचारीने पुन्हा काही लिहिलंय का. पण शोधलेलं नाव तर कुलूपबंद होऊनच सर्व्हरकडे जातं ना?"

"बंदच जातं. पण चावी तुमच्याकडे असली तरी पेटीला लावायचं कुलूप सगळ्यांकडे आहे, त्याशिवाय तक्रार टाकणार कोण? मनीषने ऑफिसातल्या एकेका बाईचं नाव स्वतःच कुलपात घातलं आणि तुमच्या शोधाशी लावून पाहिलं. जुळलं ते पिंकीचं. नावं आहेतच किती इथे? चहा निवायच्या आत झालं असेल."

पत्र बंदच राहिलं, पोरगी उघडी पडली.

अरुंधतीजींचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळेच..."

"तुमच्यामुळे काही नाही! 'सर्व्हर आंधळा आहे' म्हणून ज्यांनी माल विकला त्यांच्यामुळे. आंधळा आहे, पण तुम्ही काय विचारता ते ताडू शकतो, हे सांगताना जीभ झडत होती का त्यांची? आणि तो नालायक ताडून वर हसतो!"

"पण सिद्ध कसं करायचं?"

"तो आत्ता माझ्या तोंडावर बोललाय, चार जणांसमोर. तुम्ही कोणाचं नाव शोधता हे त्याला कळलं कसं, समितीपुढे सांगू दे की!"

अरुंधतीजींनी पेन उचललं. 'चौकशी होईपर्यंत पिंकीची बदली थांबवा,' असं लिहून सही ठोकली. मग कीबोर्ड पुढे ओढला आणि शोधाच्या चौकटीत लिहिलं: मनीष.

"त्याला कळेल, अरुंधतीजी."

"कळू दे," त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं.

जरा वेळाने काचेपलीकडे मनीषने स्क्रीनकडे पाहिलं. पोह्यांचा घास तोंडापर्यंत गेलाच नाही.