बारखालचा हात

जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमधली सगळी मुलं तिला आत्या म्हणत. खरी आत्या ती एकट्या खारूचीच होती, पण भाचीनं पहिल्याच दिवशी बीमवरून "आत्याऽऽ, पडले!" अशी जी बोंब ठोकली, ती बाकीच्यांनी उचलली आणि 'मॅडम' म्हणवून घ्यायची तिची हौस कायमची राहून गेली. खारूचंही तसंच. लहानपणी दोन्ही हातांत धरून पाव कुरतडायची आणि दिसेल त्यावर चढायची, म्हणून खारू. शाळेतलं तिचं नाव तिच्या बापालासुद्धा जरा आठवून सांगावं लागे.

हॉल म्हणजे पूर्वीचं गोदाम. एका कोपऱ्यात पडलं तरी लागू नये म्हणून केलेला फोमचा खड्डा, मध्ये मुलींचे दोन बार, एक खालचा, एक वरचा. चॉकची पांढरी पूड इतकी सगळीकडे, की मुलं घरी गेल्यावर आया त्यांना दारातच झटकत. आणि या हॉलचा कारभार दोन शब्दांवर चाले. मूल वर लटकलेलं, काहीतरी नवीन करायचं. ते ओरडून विचारी, "हात आहे ना?" आणि बाजूच्या ठोकळ्यावर उभी असलेली आत्या म्हणे, "आहे."

सुरुवातीला तो खरंच असे, कमरेला भक्कम लागलेला. मग नुसती बोटं. मग बोटंही नाहीत, नुसती आत्या. शेवटी एक दिवस मूल धापा टाकत खाली उतरे आणि बघतं तर काय, आत्या हाताची घडी घालून उभी! सगळा हॉल खो खो हसे, मूल आधी रुसे, मग फुशारकी मारत फिरे. सायकल शिकवणारा प्रत्येक बाप हेच करतो आणि त्याला कुणी खोटारडा म्हणत नाही. आत्यालाही कधी कुणी म्हटलं नव्हतं.

खारू सोळाची झाली तेव्हा तिला वरच्या बारवरची ती उडी शिकायची होती, जिच्यासाठी पंच भुवया उंचावतात. बार सोडायचा, हवेत उलटं होऊन त्याच्यावरून पलीकडे जायचं आणि खाली येताना तोच बार पुन्हा धरायचा. सांगायला एक वाक्य पुरतं. खारूनं ती वर्षभर खड्ड्यावर केली, मग मॅटवर केली, आणि एका दुपारी तिची बोटं बारला नुसती चाटून गेली. आत्याचा हात पोचला, पण अर्धाच. पोरगी छातीवर आपटली. श्वास अडकला, ओठ निळे पडले. मोडलं काही नाही, पण तेव्हापासून बार सोडायची वेळ आली की तिची पाचावर धारण बसे.

परत सुरुवात करताना तिनं आत्याला बाजूला घेतलं. हातातल्या चामड्याच्या ग्रिपचा पट्टा ओढत म्हणाली, "एक सांगू? बाकीच्यांशी कर तुला काय करायचं ते. माझ्याशी नको."

"काय नको?"

"हात नसताना आहे म्हणू नकोस. नसेल तेव्हा नाही म्हण. मी थांबेन, मनाची तयारी करेन, आणि मग मारेन. पण मला माहीत पाहिजे."

"नाही गं करणार."

"माझी शपथ घे."

"तुझी शपथ," आत्या म्हणाली. त्या क्षणी ती अगदी मनापासून म्हणाली, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. तिच्या बाजूनं सांगण्यासारखं पुढे फारसं काही नाही.

निवड चाचणी तोंडावर आली. राष्ट्रीय संघात जायचं तर ती उडी हवीच होती, आणि खारू हाताशिवाय ती मारत नव्हती. बोटं लावली तरी झकास मारी, पण लावावी लागत. आत्यानं एकदोनदा प्रामाणिकपणे सांगून पाहिलं, "आज हात नाही." खारू बारवर झोके घेत राहिली, घेत राहिली, आणि न सोडताच खाली उतरली. गुपचूप जाऊन ग्रिप काढायला लागली. बाकीच्या मुली बघत होत्या. आत्याच्या मनानं त्या दिवशी हात टेकले.

दुसऱ्या दिवशी खारूनं वरून विचारलं, "हात आहे ना?"

"आहे," आत्या म्हणाली. आणि दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले.

खिशात का, तर बाहेर ठेवले असते तर ते आपोआप पुढे गेले असते. जिभेला हाड नसतं, तिला वाटेल तिकडे वळवता येतं. हातांचं तसं नाही, त्यांना सवय होती. म्हणून त्यांना कोंडावं लागलं. खारूनं बार सोडला, वरून पलीकडे गेली आणि असा काही धरला, की बारचा तो एकच टणत्कार ऐकून खड्ड्यातली पोरंसुद्धा गप्प झाली. ती उतरली तेव्हा आत्यानं खिशातून रिकामे हात काढून सगळ्यांना दाखवले. टाळ्या, शिट्ट्या, हसणं. आत्याही हसत होती. "बघितलंस? खरं सांगितलं असतं तर तू उडी मारलीच नसतीस!"

खारू हसली नाही की रडली नाही. "बरं," म्हणाली आणि हाताला चॉक लावायला गेली.

त्यानंतर तिनं हाताचं कधीच विचारलं नाही. उडी मारायची, उतरायची, चॉक लावायचं, परत मारायची. लोक म्हणाले, पोरगी मोठी झाली. आत्याही चारचौघांत तसंच म्हणे. पण घरी आल्यावर चहा गाळता गाळता तिला ते "बरं" आठवे आणि मन खाई. माफी मागावी असं रोज वाटे. मग वाटे, चाचणी होऊ दे, उगाच आता तिचं लक्ष उडवायला नको. वेळ मारून न्यायला एवढं चांगलं कारण दुसरं कुठे मिळणार होतं?

मग खारू खाली पडलेली वस्तू उचलताना वाकायची बंद झाली. पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत बसायची. बाकावरून उठताना आधी कुशीवर, मग हातावर जोर. जिच्या पावलांच्या आवाजावरून आत्या तिनं जेवण टाळलंय का ते ओळखायची, तिचं हे आत्याला दिसलं नाही असं कसं म्हणावं?

"कंबर धरली का गं?"

"नाही तर."

उत्तर जरा लवकरच आलं होतं. आत्याच्या ते ध्यानात आलं आणि तिनं ते सोडून दिलं, कारण त्या 'नाही'वर विश्वास ठेवणं सोयीचं होतं.

चाचणीच्या दिवशी खारूनं ती उडी मारली. बार धरला, शेवटची गिरकी घेऊन खाली उतरली, पाय जागचे हलले नाहीत. हात वर, मान वर, पंचांकडे बघून हसू. ते हसू आत्यानंच आरशासमोर उभं करून शिकवलं होतं: कितीही लागलं तरी पंचांना दात दिसले पाहिजेत. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता आणि खारू तशीच हात वर करून हसत उभी होती, कारण तिला मॅटवरून पाऊल उचलता येत नव्हतं. ते फक्त आत्याला कळलं. तिनं धावत जाऊन तिला धरलं तेव्हा पोरीचं अंग थंडगार होतं.

इस्पितळात हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडावर धरला. मणक्याला चीर होती. आजची नव्हे, जुनी. उतरताना त्यावर जोर येऊन मणका जागचा सरकला होता.

"कित्येक आठवडे दुखत असणार," ते आत्याला म्हणाले. "तुम्हाला बोलली नाही?"

तेवढ्यात दादाचा फोन आला. खारूचा बाप ट्रक घेऊन लांब गेला होता, माघारी फिरला तरी उद्या पोचणार होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू आहेस ना तिच्याजवळ? मग मला काळजी नाही." आत्याला वाटलं, त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती खोलीत आली. खारू पाठीवर सरळ पडली होती, केसांत अजून स्पर्धेच्या पिना होत्या. आत्या एक एक काढायला लागली.

"मला का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं.

खारूच्या आवाजात राग नव्हता. असता तर आत्यानं तो आनंदानं अंगावर घेतला असता. "अगं, सांगितलं असतं तर तू मारू दिली नसतीस," ती समजावून सांगितल्यासारखी म्हणाली. "तूच नाही का म्हणालीस तेव्हा? खरं सांगितलं असतं तर उडी झालीच नसती. आणि झाली ना? दोन्ही वेळा झाली."

एवढी वर्षं आत्या या पोरीला पाठ, खांदे, पंजे शिकवत होती, आणि पोरीनं सगळ्यांत पक्कं काय शिकून घेतलं तर हे. "चुकले गं मी," ती म्हणाली. "तुझी शपथ घेतली होती मी, आणि तरी."

"असू दे," खारू म्हणाली. तिनं ते इतक्या सहज म्हटलं, की माफीला टेकायला जागाच राहिली नाही.

डॉक्टर आत आले. पायाला मुंग्या, बधिरपणा काही आहे का, असं त्यांनी तिला आणल्या आणल्या विचारलं होतं आणि खारूनं नाही म्हटलं होतं. नसेल तर पट्टा बांधून झोपवून ठेवायचं, काही महिन्यांनी बघायचं. बधिरपणा असला तर मात्र नस दाबली गेली, तिथे थांबून चालायचं नाही. "एकदा खात्री करतो," ते म्हणाले आणि खिशातून सुई काढली. "डोळे मीट. टोचलं की 'हो' म्हण."

खारूनं डोळे मिटले. डॉक्टरांनी उजव्या पावलावर टोचलं. "हो." थोडं थांबून परत टोचलं. "हो." मग ते डाव्या पावलाकडे वळले आणि त्याच चालीनं टोचत गेले. "हो. हो." आत्यानं सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात डॉक्टरांनी सुई उचलली आणि पावलावर अधांतरी धरून ठेवली.

"हो," खारू म्हणाली.

सुई पावलापासून बोटभर लांब होती.

"हो," खारू पुन्हा म्हणाली, अगदी वेळेवर. वेळ साधणं तिच्या अंगातच मुरलं होतं. चेहऱ्यावर ते पंचांना दाखवायचं हसू होतं.

डॉक्टरांनी आत्याकडे पाहिलं, सुई खिशात ठेवली आणि लगबगीनं बाहेर गेले. कॉरिडॉरमधून त्यांचा आवाज आला, आजच ऑपरेशनची तयारी करा म्हणून.

खारूनं डोळे उघडले. दाराकडे पाहिलं, मग आत्याकडे. हसू अजून होतं.

"आत्या, टोचलं होतं ना त्यांनी?"

हो म्हणणं किती सोपं होतं. पोरीला स्ट्रेचरवर घालून नेईपर्यंत तेवढाच धीर आला असता. आत्या वाकली, तिनं त्या डाव्या पावलावर हात ठेवला आणि ठेवलाय हे पोरीला जाणवत नाहीये, हे तिला तिच्या डोळ्यांत दिसलं.

"नाही गं," ती म्हणाली. "नव्हतं टोचलं."

खारूचं हसू गळून पडलं. छातीवर आपटली होती त्या दुपारीसुद्धा ती रडली नव्हती, ती आता लहान मुलासारखी भोकाड पसरून रडायला लागली, आणि रडता रडता सगळं सांगायला लागली: कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, पाय कधी गेला. आत्या एकेक शब्द ऐकत उभी राहिली.